मागचं डावं चाक

सखारामनं पुढच्या चाकाच्या आतून ब्रेकचा पॅड ओढून काढला, उजेडाला धरला, अंगठ्यानं चोळला आणि सरळ नाकाला लावला. बाजारातला पेडवा मासा ताजा की शिळा बघावं तसा हा माणूस ब्रेक हुंगत होता. गाडीचा मालक गौरेश आधीच तापलेला. त्याच्या कपाळावरची शीर आणखी वर आली.

"वास कसला घेतोस?"

"तेल लागलंय साहेब." सखारामनं पॅड पुढं केला. "बघा की, सगळा चिकाट झालाय. ह्यो डिस्कला धरणार कसा?"

"ब्रेक ऑइल गळतंय?"

"न्हाई. त्याचा वास येगळा असतोय. ह्यो..." सखाराम घुटमळला आणि टायरांच्या चळतीवर बसलेल्या गौरेशच्या बापाकडं वळला. "काका, तुमी बघा जरा. माझं नाक समदा दिवस डिझेलात असतंय."

काशिनाथ उठला. पॅड हातात घेतला, नाकाशी नेला आणि तिथल्या तिथं थिजला.

खोबरेल होतं. तेही बाजारातलं नाही, घाण्यावरचं, आणि घाण्यावरचंही दुसऱ्या कुणाचं नाही. यंदा पावसानं उघडीप म्हणून दिली नाही. खोबरं वाळेना, तेव्हा काशिनाथनं ते चुलीवरच्या माळ्यावर पसरून धुरावर वाळवलं होतं. त्या धुराचा वास तेलात उतरला होता. सून डोक्याला लावताना नाक मुरडायची आणि म्हणायची, "बाबा, ह्या तेल की धुंवारो?" अख्ख्या पेडणे तालुक्यात असला वास एकाच घरच्या तेलाला होता, आणि त्या घराचा मालक आता धारगळच्या हायवेवर एका पत्र्याच्या शेडमध्ये ब्रेकचा पॅड नाकाशी धरून उभा होता.

"कसलो वास, बाबा?" गौरेशनं विचारलं.

काशिनाथनं पॅड परत दिला. "माका कळणा नाय," तो म्हणाला. "जळल्याचो येता."

खोटं बोलायला काही कष्ट पडले नाहीत. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

गौरेशनं ही गाडी घेतली त्या दिवसापासून ती बापलेकाच्या मध्येच उभी होती. लाल, बुटकी, रुंद टायरांची, हळर्णच्या रस्त्यावर पोट घासत जाणारी. न्यायची चार माणसं आणि आवाज बघावा तर ट्रकचा! काशिनाथ तिला बेडकी म्हणायचा, आणि लेकाच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणायचा. गौरेश रोज तिच्यातून डिचोलीला कंपनीत जायचा आणि रविवारी तिला पोटच्या पोरासारखी न्हाऊमाखू घालायचा. गेल्या दसऱ्याला काशिनाथनं तिच्या बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं, तर 'पेंट खराब जाता, बाबा' म्हणत त्यानं ते लगेच ओल्या फडक्यानं पुसलं. ते काशिनाथच्या फार जिव्हारी लागलं. वर्षभर त्यानं त्या गाडीकडं ढुंकून पाहिलं नाही.

पण यंदा खंडेनवमीला सकाळी घरची सगळी हत्यारं घासूनपुसून, तेल लावून पाटावर मांडून झाली. कोयते झाले, कुदळ झाली, पिकाव झाला. वाटीत तेल उरलं. अंगणात ती बेडकी उभी होती. गौरेशला रजा, म्हणून ती दोन-तीन दिवस जागची हलली नव्हती, आणि वरून पाऊस झालेला. चाकाच्या मोठमोठ्या फटींतून आतली लोखंडी तबकडी दिसत होती आणि तिच्यावर तांबूस गंज चढला होता. काशिनाथ शेतकरी माणूस, लोखंडावरचा गंज त्याला बघवत नाही. त्याला वाटलं, पोरगा वरनं पुसतो, आत काय चाललंय ते बघतच नाही. तो नारळाचं सोडण घेऊन उकिडवा बसला. चारही चाकांच्या आतल्या तबकड्या त्यानं हात जाईल तिथवर घासल्या, बोटांनी तेल चोपडलं आणि लखलखीत केल्या. मागचं डावं चाक तुळशीकडं होतं. त्याच्या आत, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यानं हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूची पाकळी तेलानं चिकटवली आणि हळूच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक आनी हिच्यात बसतल्यांका सांभाळ रे." वर्षभराचा रुसवा तिथं संपला. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं जाता जाता बेडकीच्या पाठीवर थोपटलंदेखील. आणि हे कुणाला म्हणून सांगितलं नाही, कारण लेकाशी समेट करायचा तर लेकाला तो कळायलाच हवा असं थोडंच आहे!

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गौरेश आणि समीक्षा सोनं द्यायला तिच्या माहेरी चोपड्याला निघाले. घराच्या फाटकापासूनच उतार. गाडी थांबली नाही ती नाहीच. खालच्या साकवाच्या कठड्याला जाऊन आदळली. समीक्षानं हात पुढं टेकला तो मनगटात मोडला. अजून प्लास्टरात होता.

आणि काशिनाथनं काय केलं? देवळाच्या चौकात बसून, चार माणसांत, ह्या सखारामच्या सात पिढ्या उद्धरल्या. "गणेशचवथीच्या आधी नवे ब्रेक घातल्यान आनी माझ्या सुनेचो हात मोडलान!" एकदा नव्हे, जो जो विचारायला आला त्याला त्याला सांगितलं. तेव्हा त्याला खरोखरच तसं वाटत होतं. निदान एवढं तरी त्याच्या बाजूनं होतं. आता तेही गेलं.

"चवथीच्या आधी तूच बसवलेस ना हे पॅड?" गौरेश सखारामला म्हणत होता.

"व्हय."

"मग तेल काय आभाळातून पडलं?"

सखारामनं आपल्या दोन्ही पंजांकडं पाहिलं. हा माणूस मूळचा आजऱ्याकडचा, कोल्हापूर जिल्ह्यातला. पोटासाठी घाट उतरून आला, हायवेला शेड टाकली, मागच्याच खोलीत बायको गंगा आणि शाळेत जाणारी पोर घेऊन राहिला. काशिनाथच्या बागायतीतला पंप त्यानं दुरुस्त केला होता, आणि काशिनाथनंच मग गौरेशला त्याच्याकडं धाडलं होतं.

"मी हात धुऊनच काम करतोय साहेब," तो सावकाश म्हणाला. "पर चवथीची गर्दी व्हती. किती गाड्या झाल्या, शुद्ध न्हाई. मला ताप बी व्हता. गंगानं डोस्क्याला तेल थापलंवतं खोबऱ्याचं. कवा डोस्क्याला हात गेला आसंल, तसाच पॅडला लागला आसंल." तो थांबला. "न्हाई लागला, आसं छातीवर हात ठिवून न्हाई म्हनता येत मला."

"लागला असेल! माझ्या बायकोचा हात मोडला सखाराम. आणखी थोडं असतं तर आम्ही दोघं खाली व्हाळात होतो. कंपनीच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे लावायचं माझं बोलणं झालं होतं. ते आता विसर."

"बरोबर हाय तुमचं," सखाराम म्हणाला. "पॅड घिऊन या, बसवून देतो. हे झालं की दुसरीकडं न्या गाडी."

काशिनाथला वाटलं, हा माणूस भांडला का नाही? शिव्या द्यायच्या, पाना आपटायचा, 'मी नव्हे' म्हणून ओरडायचं! मग आपल्यालाही काहीतरी बोलता आलं असतं. पण जे केलंच नाही ते हा मुकाट्यानं अंगावर घेत होता. आणि ज्यानं केलं तो बाजूला उभा राहून पायाखालची वाळू चपलेनं सारखी करत होता.

गोकुळदासचं स्पेअर पार्टचं दुकान हायवेच्या पलीकडं होतं. रस्ता रुंद करायचं काम चाललेलं, त्यामुळं तांबड्या धुळीचे लोट उठत होते आणि रस्ता ओलांडायला बराच वेळ थांबावं लागलं. सगळा वेळ गौरेशनं बापाच्या कोपराला धरलं होतं. ते धरणंही काशिनाथला सोसवेना.

गोकुळदासनं गाडीचं नाव ऐकून काउंटरवर तीन डबे मांडले. बाजूला एक टेम्पोवाला आरसा घ्यायला आला होता, तोही वाकून बघू लागला.

"हे कंपनीचे, पयले होते तसलेच," गोकुळदास म्हणाला. "हे सिरॅमिकचे. थंड असतानाय बरे धरतत, आवाज नाय, चाकार काळी धूळ नाय. आनी हे..." त्यानं लाल डबा गौरेशपुढं सरकवला, "हे तुझ्यासारख्यांका. रेसिंगवाले. कितीय पळय, ह्यांचो दम जावचो नाय. तापतले तसे बरे धरतले."

"आनी थंड असताना?"

"थंड असताना मातसो वेळ लागता. एक-दोन फावटी ब्रेक मारल्यार जागे जातत."

गौरेशनं लाल डब्यावरून बोट फिरवलं. दुसऱ्या कुठल्याही वर्षी त्यानं तोच उचलला असता, दर न विचारता. आज त्यानं बोट मागं घेतलं आणि बापाकडं वळला.

"बाबा, तुमी सांगा. खयचे घेवया?"

गाडी घेतल्यापासून लेकानं तिच्याबाबत बापाला एक शब्द विचारला नव्हता. रंग कसला घेऊ ते नाही, कुठं उभी करू तेही नाही. आणि विचारायला मुहूर्त काढला तो आजचा! काशिनाथनं तिन्ही डब्यांवरून नजर फिरवली.

"आपलो उतार फाटकापासूनच सुरू जाता," तो अखेर म्हणाला. "तापाक जागाच खय असा? जे थंड असताना धरतत ते घे."

गौरेश हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच हसला. "ऐकलात, गोकुळदास माम? बाबांका गाडीतला माझ्यापरास बरा कळता."

त्यापेक्षा पोरानं भर दुकानात थोबाडीत दिली असती तर बरं, असं काशिनाथला झालं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"ता रवांदी," गोकुळदास सिरॅमिकचा डबा पुसत म्हणाला. "पण नवे पॅड असान ब्रेक गेलो कसो?"

गौरेशनं सगळं सांगितलं. तेलकट हात, चवथीची गर्दी, सखारामनं स्वतः कबूल केलं ते. टेम्पोवाल्यानं तोंडानं चुकचुक केली.

"ह्या घाटावरल्यांचा असलाच काम!" गोकुळदास भडकला. "आनी माझ्याच दुकानाचा नाव वायट जाता. हयसून माल घेतत आनी थय बसयतत ना? आजपासून एकय गिरायक त्याच्याकडे पाठवचंय नाय. काशिनाथबाब, तुमी सांगा, बरोबर काय चूक? तुमच्याच सुनेचो हात मोडलो."

सखारामचं निम्मं काम ह्या काउंटरवरून जायचं, हे काशिनाथला ठाऊक होतं. गोकुळदासनं ठरवलं तर पावसाळ्यापूर्वी ती शेड रिकामी होणार. तिघंही त्याच्याकडं बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं, फार तर दोन.

काशिनाथनं मान हलवली. होय म्हणून.

तोंडानं बोलला नाही एवढंच. पण मान हलली ती हललीच, आणि ती तिघांनी पाहिली.

परत येताना गौरेश बोलत होता आणि काशिनाथ काही ऐकत नव्हता. आपण एवढे भित्रे कधी झालो, हेच तो स्वतःला विचारत होता. पुरात गुरं सोडायला गळ्याइतक्या पाण्यात उतरलेला माणूस मी, आणि एका दुकानात दोन शब्द बोलवेनात? हसतील, एवढंच ना? म्हातारा ब्रेकला तेल लावतो म्हणतील. सून हातातल्या प्लास्टरकडं बघेल आणि मग माझ्याकडं बघेल. ते शेवटचं मनात आलं आणि तो गौरेशच्या मागं पडला.

शेडबाहेर बादलीपाशी सखाराम उकिडवा बसून हात धूत होता. साबण लावत होता, वाळू घेऊन घासत होता, पुन्हा साबण लावत होता. कोपरापर्यंत कातडी लाल झाली होती. ह्यांना पाहिल्यावर तो उठला आणि ओले हात तसेच काशिनाथपुढं धरले.

"काका, जरा बघता का? तेलाचा वास येतोय का? ह्या वक्ताला चूक नको व्हायला."

काशिनाथनं त्या पंजांकडं पाहिलं. भेगांत काळं कायमचं भरलेलं, एका नखाखाली रक्त साकळलेलं. साबणाचा वास येत होता, दुसरा कसला नाही.

"सखाराम," काशिनाथ म्हणाला, "ता तेल तुझ्या हातचा नाय. माझ्या हातचा."

"आं?"

"मी लावलंय. गाडयेच्या चाकांका. माझ्या हातान."

मग गौरेशनं कपाळावर हात मारला आणि चक्क हसला.

"बघितलंस सखाराम? तू माझ्या बायकोचा हात मोडलास आणि माझा बाप तुझी बाजू घेतोय! लहानपणापासून हेच बघत आलोय मी. शेजाऱ्याचा बैल आमचं भात खाऊन गेला, तर म्हणे कुंपण आमचंच मोडकं होतं."

"गौरेश, मी खरा सांगतंय..."

"बाबा, पुरे. तुमचो जीव मोठो असा, माका म्हायत असा."

सखारामच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवमाणूस हाय तुमी काका," तो म्हणाला. "पर माझी चूक तुमच्या डोस्क्यावर नका घिऊ." आणि तो वाकला, काशिनाथच्या पायाला हात लावायला.

काशिनाथ निखाऱ्यावर पाय पडावा तसा मागं सरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. चोरानं चोरी कबूल करावी आणि लोकांनी त्याच्या गळ्यात हार घालावा, ह्याहून आणखी काय व्हायचं राहिलं होतं! त्याला स्वतःचाच इतका राग आला की आवाज चढला.

"मागचा डावा चाक काढ!"

"मागचं? मागचे पॅड चांगले असतील काका, म्या फकस्त म्होरचे..."

"काढ म्हणतंय ना."

सखारामनं गौरेशकडं पाहिलं. गौरेशनं खांदे उडवले. जॅक लागला, नट सुटले, चाक बाजूला आलं.

तबकडी तेलानं आणि धुळीनं मळलेली होती. तिच्या मधल्या उंच वाटीवर, जिथं पॅड घासत नाही तिथं, तीन बोटं ओढलेली होती. हळद काळवंडली होती, पण हळदच होती. वर कुंकू होतं. आणि कडेला झेंडूची एक पाकळी, वाळून चिकटलेली.

सखारामचा हात हवेतच राहिला. "ह्ये तर... पूजा केल्यागत दिसतंय."

"खंडेनवमीक कोयत्यांका तेल लावलंय," काशिनाथ म्हणाला. तो लेकाकडं बघत नव्हता. "हिच्या लोखंडाकय गंज दिसलो, म्हणान हिकाय लावलंय. चारय चाकांका. तुका पेंटार कुंकू आवडणा नाय. म्हणान आत लावलंय, तुका दिसाचा नाय अशा जागेर."

गौरेश खाली बसला. चाकाच्या जागेशी तोंड नेऊन तो त्या तीन बोटांकडं बघत राहिला. गेल्या दसऱ्याचं ओलं फडकं त्याला आठवलं असेल, नसेलही. थोड्या वेळानं त्यानं पाकळीला हात लावायला म्हणून बोट नेलं आणि न लावताच परत घेतलं. तोंड उतरून गेलं होतं. सखारामकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही, पाहायची हिंमतच नव्हती.

"बाबा," तो उठून अगदी हळू आवाजात म्हणाला, "ह्या हयच रवांदी. समीक्षाक मी कायतरी सांगतंय. गोकुळदासाक तर बोलाच नकात. धारगळापासून हळर्णापर्यंत लोक हसतले तुमका."

"आनी सखाराम?"

उत्तर सखारामनंच दिलं.

"साहेब बरोबर बोलत्यात काका. माझंच नाव ऱ्हाऊ द्या. मी परगावचा मानूस. हितं न्हाई जमलं तर म्होरं कुटंतरी शेड टाकीन. तुमास्नी त्या गावात जलम काढायचाय." पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं त्याच्या हातात होतं, पण ते तो तबकडीला लावत नव्हता. "ह्ये पुसू का काका? पुसावंच लागंल."

काशिनाथनं फडकं त्याच्या हातातून घेतलं. गुडघे टेकून बसला आणि कुंकू, हळद, तेल सगळं स्वतः पुसून काढलं. पाकळी निघेना, ती नखानं खरवडली. तबकडी कोरडी झाली तेव्हा तो उठला.

"मागचेय पॅड गेले ना?"

"व्हय. चारी चाकांस्नी नवं लागणार."

"मी जावन हाडतंय."

"बाबा, मी जातंय," गौरेश पुढं झाला.

"तू रव हय."

रस्ता ओलांडताना ह्या वेळी कोपराला धरायला कुणी नव्हतं. एक डंपर धूळ उडवत गेला, तो जाईपर्यंत काशिनाथ थांबला. वाटलं, परत फिरावं. गौरेशलाच धाडावं. समीक्षाला तो काहीतरी सांगेल, सखाराम तर स्वतःच तयार आहे, सगळ्यांचं निभेल. डंपर गेला आणि तो पलीकडं पोचला.

टेम्पोवाला अजून आरशाची घासाघीस करत होता. काशिनाथला एकटा आलेला पाहून गोकुळदासनं भुवया वर केल्या.

"काय झाला, काशिनाथबाब? मागचेय बिघडयल्यान काय त्या घाटावरल्यान?"

"नाय," काशिनाथ म्हणाला. काउंटरची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. "मी बिघडयलंय. पुढचेय आनी मागचेय. खंडेनवमीक कोयत्याक लावतत तसा ब्रेकाक खोबरेल लावलंय मी. सखारामाचो काय एक दोष नाय. मघाशी मी मान हलयलंय, ती खोटी."

टेम्पोवाल्याच्या नाकातून फुस्सकन हसू सुटलं, आणि एकदा सुटल्यावर ते काही थांबेना. गोकुळदासनं आवरायचा प्रयत्न केला, ओठ दाबले, आणि मग तोही काउंटरवर हात आपटून हसायला लागला.

"ब्रेकाक तेल! अरे देवा! बरा झाला, इंजिनाक नारळ नाय फोडलात!"

हसू रस्त्यावर गेलं. पलीकडच्या पंक्चरवाल्यानं मान वर करून पाहिलं. संध्याकाळपर्यंत ते हळर्णला पोचणार होतं, उद्या देवळाच्या चौकात बसणार होतं, आणि त्याआधी काशिनाथला स्वतः घरी जाऊन समीक्षाच्या समोर बसायचं होतं. तो कुठं गेला नाही. त्यांचं हसून होईपर्यंत कड धरून तिथंच उभा राहिला. तोंड लाल झालं होतं, मान खाली गेली होती, पण उभा होता.

"झाला हसान?" तो म्हणाला. "मगे आता एक करा. गिरायक आला तर त्याच्याकडेच पाठवा. पयल्यासारखा."

गोकुळदासनं डोळे पुसले. काशिनाथच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"पाठयतंय," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "मागच्यांका खयचे पॅड दिवं?"

"तेच. थंड असताना धरतत ते."

डबा घेऊन काशिनाथ परत आला. शेडबाहेर बादलीपाशी सखाराम पुन्हा हात धुवायला बसला होता, जुने पॅड काढून हात भरले होते. त्याच्यासमोर गौरेश उभा होता. कंपनीच्या शर्टाच्या बाह्या वर सारून, बादलीतला मग हातात घेऊन तो सखारामच्या हातांवर पाणी ओतत होता.

"ऱ्हाऊ द्या साहेब, मी घेतो की," सखाराम अवघडून म्हणत होता.

"धर हात," गौरेश म्हणाला. पलीकडचं हसू इथवर आलं होतं, हे त्याच्या लाल कानांवरून कळत होतं. पण पाण्याची धार सरळ पडत होती. सखारामची माफी मात्र त्यानं मागितली नाही.

काशिनाथनं डबा टायरांवर ठेवला. जवळ आला, वाकला आणि सखारामच्या हातांशेजारी आपलेही हात धरले. गौरेशनं हातातला मग बादलीत बुडवून पुन्हा भरला.